सात सभासद आणि बावीस झोळ्या

सिंदी (रेल्वे),
२० मार्च १९८३

श्री. प्रभाकरराव साडभाऊ यांस,

किसनरावाचा हात जोडून रामराम. पुढचा मजकूर लिहिताना हात जोडलेले राहणार नाहीत, म्हणून तेवढे आधीच उरकून घेतो. तुमच्या घरच्या नलूबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमच्या पित्ताला उतार पडला असेलच. पडला नसेल तर हे पत्र जेवणाआधी वाचू नये. इकडे सर्व खुशाल आहे. तुमची मेहुणी (म्हणजे आमच्या घरची) म्हणते की गेले चार दिवस मी ताटातल्या भाकरीशी भांडून राह्यलो आहे. तिचे खरे आहे. पण भाकरीचा काही गुन्हा नाही. गुन्हा तुमच्या मंडळाचा आहे, आणि तुम्ही त्याचे सचिव आहात.

मी मांडव-लाउडस्पीकरवाला माणूस. शाळा चौथीपर्यंत, बाकीचे शिक्षण माइकच्या मागे उभे राहून झाले. एक भोंगा खांद्यावर घेऊन गावोगाव फिरलो, आज मांडवाच्या चाळीस बल्ल्या आणि तीन भोंगे घरचे आहेत. पंचवीस वर्षे लोकांची भाषणे ऐकून एवढे कळते की वक्ता ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणाला की मागे जाऊन चहा सांगावा. तरीही गेल्याच्या गेल्या दिवाळीत तुम्ही आमच्या ओसरीवर, चिवडा खात, म्हणालात की नागपूरसारख्या एवढ्या मोठ्या शहरात गल्लीबोळांत साधी माणसे मोठी कामे करतात, त्यांच्या पाठीशी आमचे मंडळ उभे राहणार आहे, तेव्हा मी ते खरे धरले. (माइक नव्हता, त्यामुळे फसलो.)

मी तुम्हाला कमलाबाईंचे नाव सांगितले. आमच्याच सिंदीची बाई, नवरा गेल्यावर नागपूरला नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायला गेली. तिथल्या बाया सकाळी सातला घमेली घेऊन इमारतींच्या कामावर जातात आणि लेकरे कमलाबाईंच्या हवाली करतात. बावीस लेकरे. बांबूंवर माझी एक जुनी ताडपत्री, बांबूंना लुगड्यांच्या झोळ्या, आणि पाणी अर्ध्या मैलावरून. त्याच वर्षी वैशाखात दोन लेकरांना ऊन लागले होते, एक जेमतेम वाचले. एक पक्की खोली आणि एक नळ, एवढेच तिला हवे होते. तेही पुढच्या उन्हाळ्याच्या आत.

तुम्ही म्हणालात, मंडळ बाईला देत नाही, संस्थेला देते. सात सभासद आणि एक लेखी घटना पाहिजे. ठीक. सात माणसे नागपुरात कुठे शोधणार, म्हणून सभा इथेच, माझ्या गोदामात घेतली. सतरंज्या माझ्या, चहा माझा, त्यामुळे गर्दी बरी झाली. रिटायर हेडमास्तर मधुकरराव आले, जीपवाले हरिदास शेठ आले, आणि चहावरचे आणखी काही. कमलाबाई आल्या नाहीत. पॅसेंजरमध्ये संत्री विकणाऱ्या चिंधूबरोबर निरोप आला: ‘भाऊ, बावीस लेकरं घेऊन येऊ का सिंदीले? येतो, पन मंग तुमी त्याइले झोपवजा.’ यावर सगळे हसले. हसता हसता सात नावे पूर्ण झाली आणि आठवे घ्यायला फॉर्मवर रेघ नव्हती.

पुढे घटना. मधुकररावांनी ती तीन रात्री बसून लिहिली, आणि माणसाला नियमांचा आजार नसता तर एका रात्रीत लिहून मोकळा झाला असता. बालक म्हणजे तीन ते सहा वर्षांचे. (झोळीतले ते बालक नव्हे, ते काय आहे, याचा घटनेत उल्लेख नाही.) वेळ अकरा ते पाच. रविवारी सुटी. संचालिका मॅट्रिक पास. कमलाबाई तिसरी शिकलेल्या, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज करावा, विचार होईल. बाईंनी एक दिवस शेजारणीच्या हवाली लेकरे केली आणि आल्या. मधुकररावांनी चष्मा पुसत विचारले, ‘पूर्वानुभव काय?’ बाई म्हणाल्या, ‘गुरुजी, नागपुरात तुमच्या पोराच्या घराचा स्लॅब टाकला, तवा घमेलं वाहाले बाया आल्या होत्या. त्याइची लेकरं त्या दिवशी कोनापाशी होती, हे तुमी काऊन नाई इचारलं?’ गुरुजींनी वहीत लिहिले: उत्तर विषयाला धरून नाही.

खोली झाली. नळ आला. हरिदास शेठची भाची मॅट्रिक होती, ती संचालिका झाली. (पोरगी गरीब आहे, तिच्यावर माझा राग नाही.) सिंदीहून पॅसेंजरने जाते, अकराला कुलूप उघडते, रिकाम्या खोलीत बसून स्वेटर विणते. मार्च महिन्यात. कारण बाया येतात सातला, तेव्हा दाराला कुलूप. मग लेकरे पुन्हा कमलाबाईंकडे. ताडपत्री आता फाटून चाळणी झाली आहे. म्हणून कमलाबाई सकाळी खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला लेकरे घेऊन बसतात, आणि दुपार कलली की सगळा कबिला उचलून पूर्वेला नेतात. साडभाऊ, ज्यांच्यासाठी खोली बांधली ती लेकरे त्या खोलीच्या सावलीमागे फिरत आहेत. आत पंखा आहे. भर दुपारी तर सावली भिंतीच्या बुडाशी वीतभर उरते, तेव्हा बाई पदर ताणून उभ्या असतात. नळावरही पेटी आणि कुलूप आहे, कारण पाणी संस्थेच्या मालकीचे.

आणि उद्घाटनाच्या दिवशी तुम्ही काय केलेत? फोटोवाला सरसावला तेव्हा भिंतीशी बसलेली ती लेकरे बघून तुम्ही म्हणालात, ‘ही कोणाची? जरा बाजूला घ्या, फोटोत येऊन राह्यली.’ मी खांबामागे वायर जोडत होतो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. तुमच्या अहवालात ‘स्थानिक नेतृत्वास बळ मिळाले’ असे छापले आहे. बळ कुणाला मिळाले, नाव लिहा. मला त्या सात जणांतला एक जरी दाखवा, ज्याने एका लेकराचे नाक पुसले आहे. शरम नावाची वस्तू सतरंजीखाली सारून बसलेली माणसे ही. अशा संस्थेच्या अध्यक्षाला तर भर चौकात जाब विचारला पाहिजे.

नलूबाईंना नमस्कार. राग मानू नये असे लिहिण्याची पद्धत आहे, पण तुम्ही मानावा.

आपला,
किसनराव

ता. क. : अध्यक्ष कोण, हे तुमच्या लक्षात नसेल तर सांगतो. मी. गोदाम माझे होते, हार आधीच आणलेला होता, आणि गळ्यात पडल्यावर मला बरा वाटला. कुलपाच्या ठरावावर सही माझी आहे. न वाचता केली, असे म्हणणार होतो. पण ठराव मी वाचला होता.

दुसरे ता. क. : आता कामाचे. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या मंडळातर्फे आमच्या कार्यकारिणीचा नागपुरात सत्कार ठेवा. सकाळी साडेसहाला चहापाणी, दुपारी जेवण, संध्याकाळपर्यंत भाषणे. सहाही जण आदल्या रात्रीच येऊन मुक्काम करतील, याची जबाबदारी माझी. संचालिकेलाही बोलवा, तिला खुर्ची पुढे द्या. माइक मी फुकट लावून देतो. त्या दिवशी सातला बाया येतील तेव्हा दार उघडे असेल. माझ्याकडे एक किल्ली आहे. एकदा वाशांना बावीस झोळ्या टांगल्या आणि लेकरे झोपली, की ठराव घेऊन त्यांना उठवायला कोण येतो ते पाहू.

सत्काराच्या यादीत माझे नाव राहू द्या, पण ऐन वेळेवर जाहीर करा की अध्यक्षांची प्रकृती ठीक नाही. नलूबाईंना मात्र त्या दिवशी खोलीवर माझ्याकडे पाठवा, झोळीची गाठ कशी मारतात ते मला येत नाही.