अंगणाला भिंत न घालण्याबाबत

मी, सत्यवती शमुवेल तायडे, वय ७३, धर्म ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका, राहणार भातकुली, जिल्हा अमरावती, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला न जुमानता हे लिहून ठेवते. दबाव आला होता, हे नमूद करणे भाग आहे. मुलगा विल्सन तो पुण्याहून फोनवर आणतो, आणि दीर प्रफुल्ल रविवारी उपासना संपली की समक्ष आणतात. माझे हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके थकले आहे असे फक्त हे दोघे म्हणतात.

कलम १. राहते घर विल्सनला. बँकेतली ठेव नात रूथच्या शिक्षणासाठी. यावर कोणी काही बोलायचे नाही.

कलम २. घरामागचे अंगण विल्सनला नाही. या अंगणाच्या एका अंगाला देवराव इंगळे यांची बौद्ध वस्ती आहे आणि दुसऱ्या अंगाला केशवराव होले यांचा फुलांचा मळा. दोन्हीकडची माणसे इथून ये-जा करतात, म्हणून विल्सनला मध्ये भिंत हवी. ती होणार नाही. हे अंगण मी देवरावांचा मुलगा धम्मदीप आणि केशवरावांचा मुलगा शुभम या दोघांना सामाईक देते. वाटणी करायची नाही, एकाने दुसऱ्याच्या सहीवाचून विकायचे नाही, कुंपणही घालायचे नाही. ही अट कोर्टात टिकेल की नाही याबद्दल वकीलबाई दामिनी साशंक आहेत. मी नाही.

कारण विचारतील, म्हणून सांगते. गेल्या एप्रिलमध्ये वस्तीच्या जयंतीच्या मिरवणुकीतली गाडी मागे घेताना केशवरावांच्या मोगऱ्याच्या वाफ्यावर चढली. ड्रायव्हर परगावचा. शुभमने रागात दगड मारला आणि तो लागला धम्मदीपला, जो बिचारा गाडीसमोर हात आडवे करून मोगराच वाचवत होता. डोके फुटलेला धम्मदीप पुढच्या दाराने माझ्या घरात आला. त्याला निजवते न निजवते तोच मागच्या दाराने शुभम आला, पांढराफटक पडलेला. "बाई, मले लपवा," म्हणाला. दोघेही माझ्याच वर्गात शिकलेले. एकाला पुढच्या खोलीत ठेवले, दुसऱ्याला स्वयंपाकघरात.

दोन्हीकडची माणसे अंगणात जमली. तेवढ्यात प्रफुल्लभाऊजी आले, हातात भले मोठे कुलूप. "वहिनी, आपली ख्रिस्त्यांची इथं चार घरं. दोन्हीकडून मार खाऊ. दोघांले बाहेर काढा अन् दार लावा."

मी म्हटले, "चार घरं आहेत म्हणूनच दार उघडं ठेवतो, भाऊजी. लावून घेतलं तं कोणाले कळन आपण इथं आहो म्हणून?"

आणि खुर्ची टाकून उंबऱ्यात बसले. देवराव संतापलेले होते, केशवराव घाबरलेले. दोघांनाही आपापले पोरगे हवे होते. मी सांगितले, "पाह्याचं असन तं दोघांले पाहा. एकाले पाहून जाता येनार नाही." मग दोघे आत गेले, दोन्ही खोल्यांत जाऊन आले आणि आपापला मुलगा घेऊन गेले. हात कोणी उचलला नाही. पोरे महिनाभरात बोलू लागली. बाप मात्र आजतागायत बोललेले नाहीत.

आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण मला सांगतात, ख्रिस्ती माणसाने शांत राहावे. मला जे समजले ते असे, की प्रभूने शांती करणाऱ्यांना देवाची लेकरे म्हटले आहे, शांत बसणाऱ्यांना नव्हे. ज्यांना माझा अर्थ पटत नाही त्यांनी माझ्या अंत्यविधीत पुढच्या रांगेत बसू नये.

कलम ३. वरील कुलूप, जे त्या दिवशी इथेच राहिले, किल्लीसह प्रफुल्लभाऊजींना परत. न वापरलेले आहे.

कलम ४. यजमानांची सुतारकामाची हत्यारे: करवत शुभमला, रंधा धम्मदीपला. एकाने कापावे आणि दुसऱ्याकडे तासायला जावे. मुद्दामच अशी वाटणी केली आहे.

कलम ५. पापडांचा डबा. आमच्याकडे पापड एकटीने होत नाहीत. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. त्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी देवरावांची शालू आणि केशवरावांची माणिकबाई माझ्या अंगणात बसल्या होत्या. पीठ एकत्र भिजवलेले, उखळात आळीपाळीने कुटलेले, पापड एकाच लुगड्यावर वाळत टाकलेले. भांडणानंतर आपला वाटा न्यायला दोघींनी नकार दिला. "तिचा हात लागलेले मले नाही पायजे," हे दोघींचे शब्द, एकसारखे. कोणता पापड कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते मी कोणाला दिले नाहीत, स्वतः खाल्ले नाहीत. मला माती दिल्यानंतरच्या जेवणात ते तळावेत आणि दोन्ही घरांनी एका पंगतीत खावेत. मेलेल्या बाईला नाही म्हणून दाखवा.

हे मृत्युपत्र मी खालील दोन साक्षीदारांसमोर सही करून पुरे करते. साक्षीदार वेगवेगळ्या वेळी आले तरी कायद्याला चालते, असे दामिनीबाई म्हणाल्या. मला चालत नाही. एका बाकड्यावर बसून, एकाच पेनने.

सही: सत्यवती शमुवेल तायडे
साक्षीदार: देवराव इंगळे
साक्षीदार: केशवराव होले
भातकुली, २१ फेब्रुवारी २०२६

दुरुस्ती, त्याच दिवशी. केशवराव चष्मा घरी विसरले होते. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, हे सांगूनही ते न वाचता सही करायला तयार होईनात. तेव्हा देवरावांनी पेन खाली ठेवले आणि कागद उचलून मोठ्याने वाचू लागले. पापडांच्या कलमापाशी येऊन ते थांबले. केशवराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "वाच ना, देवराव. थांबला काहून?"

दहा महिन्यांतले हे पहिले बोलणे. मला रडू आले, हेही लिहून ठेवते. सह्या झाल्यावर दोघे घरी जाऊन बायकांना घेऊन आले. कढई मीच चुलीवर ठेवली.

तरी कलम ५ रद्द समजावे. डबा रिकामा आहे. माझ्या मातीच्या जेवणासाठी शालू आणि माणिकबाई यांनी नवे लाटावेत, याच अंगणात.

सही: सत्यवती शमुवेल तायडे
देवराव इंगळे, केशवराव होले