दोन नंबरचा कप्पा

२२ सप्टेंबर, घटस्थापना

हरलो! लिनक्स सर्व्हरवरच्या डिस्क सांभाळायला कुठल्या लायब्ररीचा तयार कोड वापरायचा – राघवेंद्रसरांनी नीलानं सुचवलेली निवडली. मी सुचवलेली लायब्ररी डिस्कवरचा नंबर वाचून डिस्क ओळखते. हिची फक्त डिस्क मशीनच्या कुठल्या कप्प्यात आहे ते बघते. सर म्हणाले, सोपी आहे, लवकर होईल. सोपी म्हणे! अन् सर्व्हरचं सगळं काम आता नीलाकडं. भूमहून येऊन वर्ष झालं नाही पोरीला. पेढे वाटले तिनं. मीही खाल्ला.

२४ सप्टेंबर

तिची लायब्ररी वाचून काढली. मशीन सुरू झालं की दोन नंबरच्या कप्प्यातली डिस्क पुसायची अन् एक नंबरच्या डिस्कची नक्कल तिच्यावर उतरवायची. विचारणं नाही, काही नाही. म्हणजे कप्पे बदलले की खरा माल साफ!

नीला विचारायला आली. "अमरनाथसर, काही धोका दिसतोय का?"

म्हटलं, झकास आहे.

२९ सप्टेंबर

मीटिंगमध्ये तिनं एक साधी शंका काढली. सगळ्यांसमोर हसलो. तोंड एवढंसं झालं तिचं. लई बरं वाटलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सर तुळजापूरला दर्शनाला. ऑफिसात आम्ही दोघंच. दरवर्षीसारखी मशीनं बंद करून पूजा मांडली. दवाखान्यांच्या सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट असलेली जुनी डिस्क अन् कॉपीसाठी आणलेली नवी कोरी – दोन्ही काढून पाटावर ठेवल्या. हळदकुंकू, झेंडू, नारळ. नीला प्रसाद आणायला आत गेली. डिस्क मी परत लावल्या – उलट्या. जुनी दोन नंबरच्या कप्प्यात.

मशीन तिच्याच हातून सुरू करवलं. मान तिचा ना!

३ ऑक्टोबर

सगळं गेलं. डॉक्टरांचे फोनवर फोन. अणदूरची एक पोटुशी बाई, तिच्या बाळाच्या हृदयाची तपासणी चालू होती. आधीचं काहीच उरलं नाही. सरांनी सगळ्यांदेखत नीलाला काढलं. ती खाली बघत उभी होती. मी डबा खाल्ला, पोटभर.

४ ऑक्टोबर

सामान घ्यायला आली होती. माझ्या टेबलापाशी थांबली.

"सर, डिस्क उलट्या लागल्या होत्या. पूजेच्या गडबडीत तुमच्याकडून चुकून झालं. मी सरांना सांगितलंय, मीच लावल्या म्हणून. तुमच्या पोरी शाळेत आहेत. मला मिळंल दुसरीकडं कुठंतरी."

जपून जा, म्हणालो.

सरांना खरं सांगायला पाहिजे. मी सांगणार नाही.