दोन तासांच्या आत

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

कृषी केंद्रवाल्यानं डायरी दिली. दर पानाच्या तळाशी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात आहे, 'विश्वास पेरा'. आजपासून रोज लिहायचं ठरवलं.

महागावच्या आमच्या विहारात कायद्याचं शिबिर झालं. इंद्रजित वकील बोलला. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, म्हणून मी पहिल्या ओळीत. विषय वाहनचालकांचे हक्क. तीस वर्षं गाडी चालवतो, सध्या महागाव ते उमरखेड काळी-पिवळी जीप. पण आपल्याला एवढे हक्क आहेत हे आजच कळलं. अटक करायची तर कारण सांगावं लागतं. घटनेचं कलम वीस, कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. आणि दारूच्या केसमध्ये अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झालीच पाहिजे. तिन्ही पाठ केले. मग जीपच्या चाकांत हवा आहे का ते बघायला बाहेर गेलो. टूलबॉक्सही बघितला. परत आलो तेव्हा चहा वाटणं चालू होतं. महत्त्वाचं तेवढं ऐकून झालं होतं.

मी सातवी नापास, पण कायदा मला चटकन कळतो.

नात मैत्रेयीचं लग्न १४ मे ठरलं. मुलगा उमरखेडचा. तिनं सासरी आधीच सांगून ठेवलं आहे की मले आबाजीच आणून सोडतीन, दुसरा ड्रायव्हर नाही पाहिजे. मी तिला पाच वर्षांची असताना तसा शब्द दिला होता. म्हणून आजपासून दारू पूर्ण बंद.

२७ फेब्रुवारी, सोमवार

मध्ये लिहिणं झालं नाही.

सवारी नाही. कापसाला भाव नाही, तर बाजाराला जायचं कोणी आणि कशाला. दुपारपर्यंत तीन माणसं आणि एक बकरी. स्टँडवर धूळ आणि जिनिंगचे तंतू, घशात जातात. औषध म्हणून दोन झाकणं घेतली. औषध धरायचं नाही.

उकंडाला घे म्हणालो. उकंडा माझा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, त्याची जीप स्टँडच्या रांगेत माझ्या मागे लागते. दिवाळीपासून तो नुसता सोडा पितो. हा पहिला दगा, तेव्हाच ओळखायला हवा होता.

५ मार्च, रविवार

काल जे झालं ते सविस्तर लिहितो.

कापसाचं संकट बघायला मंत्री येणार म्हणून फाट्यावर नाकाबंदी होती. संध्याकाळची वेळ. मी रिकामी जीप घेऊन घरी येत होतो. पोलीस जमादार हिरासिंगनं थांबवलं. वास घेतला. फुंकायचं मशीन काढलं, त्याची बॅटरी गेलेली. तो म्हणाला, बुढेबुवा, गाडी इथंच लावा, पायी घरी जा, सकाळी घेऊन जा.

भित्रा माणूस गेला असता. मी विचारलं, कोणत्या कारणासाठी थांबवलं ते सांगा. तो म्हणाला, जा ना बाप्पा, काहून डोकं खाऊन राह्यले. मी म्हणालो, अटक करायची तर कारण सांगावं लागतं. तो म्हणाला, अटक कोण करून राह्यलं तुमाले. मी म्हणालो, मग थांबवलं कशाला, हे बेकायदेशीर आहे. माणसं जमली. मी कलम वीस सांगितलं, जरा मोठ्यानं. मग त्यानं अटक केली. कारण सांगितलं, हे खरं.

ठाण्यात बाकावर बसवलं. ठाण्याची गाडी मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गेलेली. हिरासिंग म्हणाला, चूप बसा आता, गाडी येईन तवा पाहू. आणि त्यानं डबा उघडला. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. एक तास गेला. वर वीस मिनिटं गेली. मी म्हणालो, जमादार, दोन तासांच्या आत तपासणी झाली पाहिजे, माझा हक्क आहे. तो म्हणाला, गाडी नाही ना. मी म्हणालो, माझी आहे.

उकंडाला निरोप धाडला. तो सायकलवर फाट्यावर गेला, तिथून माझी जीप घेऊन ठाण्यात आला. माझ्या कानात म्हणाला, अबे श्रावण, चूप बस ना. तीनदा म्हणाला. मी जमादाराला मागे बसवलं आणि उकंडाला गाडी हाकायला लावलं. दवाखान्यात डॉक्टर नव्हता. त्याच्या क्वार्टरवर जाऊन त्याला जेवणाच्या ताटावरून उठवलं. रक्त काढलं तेव्हा दोन तासांना दहा मिनिटं बाकी होती.

दहा मिनिटं राखून कायदा पाळला गेला. माझ्यामुळे.

जामिनाला उकंडा राहिला. बायको कौसल्या घ्यायला आली होती. घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. अभिमानानं गळा भरून येतो तसं असावं.

६ मार्च, सोमवार

हिशेब केला. शनिवारी घेतली अर्धा ग्लास, तोही चहाचा. वर झुणका-भाकर, कांदा, ताक. रक्तात राहणार काय. रिपोर्ट आला की जमादारावर अब्रूनुकसानीचा दावा लावायचा. दारू बंद आहेच.

२८ मार्च, मंगळवार

रिपोर्ट आला. तीसपर्यंत चालतं. माझं एकशे बारा.

बाटल्या बदलल्या असणार. डॉक्टरला जेवणावरून उठवलं, त्याचा राग.

इंद्रजितकडे गेलो. सगळं क्रमानं सांगितलं. दहा मिनिटांपाशी आलो तेव्हा त्यानं पेन खाली ठेवला. म्हणाला, मामा, दोन तासांत तपासणी नाही झाली तर माणूस सोडून द्यावा लागते. तो हक्क तुमचा होता. बाकावर चूप बसले असते तर जमादारानंच घरी धाडलं असतं.

मी म्हणालो, मग हे शिबिरात का नाही सांगितलं. तो म्हणाला, सांगतलं ना, त्याच्या पुढचंच वाक्य होतं. तुमी कुठी गेलते?

हवा बघायला गेलो होतो. माणूस हवा बघायला जातो तेव्हा पुढचं वाक्य जरा थांबवू नये का? आपलं रक्ताचं नातं, त्यानं असं करावं.

तिथून उकंडाकडे. त्यानं ते वाक्य ऐकलं होतं. शिबिरात आत बसून, सोडा पीत. मी म्हणालो, माहीत होतं तर मला का नाही सांगितलं बे? तो म्हणाला, सांगून राह्यलो होतो ना, चूप बस म्हणून. चूप बस हे काय कायद्याचं वाक्य आहे?

तरी मन मोठं करून म्हणालो, कोर्टात साक्ष दे, श्रावण त्या दिवशी प्याला नव्हता म्हण. तो म्हणाला, रोज संध्याकाळी विहारात पंचशील म्हणतो, चौथं शील खोटं न बोलाचं हाय. मले नको सांगू. मी म्हणालो, आणि दोस्ती? तो म्हणाला, तुले पाचवं आठवते का?

चाळीस वर्षांची दोस्ती आज संपली. मनावर घाव बसला की थोडी घ्यावीच लागते. थोडीच घेतली.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो दरवर्षी माझ्या जीपवर असतो. यंदा कमिटीनं सांगितलं, जीप तुमचीच, चालवीन उकंडा. मी सकाळपासून कोरडा होतो, कोणीही वास घ्यावा. कोणी घेतला नाही. जीपमागून पायी चाललो. माझ्याच गाडीचा धूर माझ्याच तोंडावर.

२४ एप्रिल, सोमवार

उद्या कोर्ट. इंद्रजितचा बेत पक्का आहे. गुन्हा कबूल केला किंवा सिद्ध झाला तर लायसन कमीत कमी सहा महिने जातं. म्हणून उद्या कबूल नाही म्हणायचं. तो जूनची तारीख घेणार. तोवर लायसन माझंच, लग्नात स्टिअरिंग माझंच. तो म्हणाला, मामा, गुन्हा कबूल नाही, बस, तीन शब्द. चवथा बोलू नका. मैत्रेयीनं माझा पांढरा शर्ट इस्त्री केला. म्हणाली, आबाजी, माह्यासाठी.

तीन शब्द. सोपं आहे.

२५ एप्रिल, मंगळवार

बोललो तीन शब्द. स्पष्ट बोललो. पण न्यायाधीश साहेबांनी मान वर करून बघितलं, भला माणूस वाटला. भल्या माणसाला खरी बाजू कळू नये हे बरं नाही. म्हणून म्हणालो, कबूल नाही साहेब, कारण नुसती अर्धा ग्लास होती.

साहेब म्हणाले, म्हणजे घेतली होती? इंद्रजितनं माझा शर्ट ओढला. साहेब म्हणाले, तुम्हाला न बोलण्याचा हक्क आहे, आधी वकिलाशी बोला. मी म्हणालो, गरज नाही, कलम वीस मला पाठ आहे. मग मी सगळं सांगितलं. नाकाबंदी, घड्याळ, माझी जीप, डॉक्टरचं ताट, दहा मिनिटं. कोर्टात सगळे ऐकत होते. माझं एवढं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी मला पुन्हा विचारलं, मग कबूल लिहू? मी म्हणालो, घेतली ती कबूल, गुन्हा नाही. त्यांनी इंद्रजितकडे बघितलं. इंद्रजित खाली बघत म्हणाला, लिहा साहेब.

दंड, आणि लायसन सहा महिने बंद. स्वतःच्याच वकिलानं दगा दिला.

मैत्रेयी दारात उभी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, राहू द्या आबाजी, समजलं. आणि शर्ट घडी करायला घेतला, तो मी अजून काढलाही नव्हता.

१४ मे, रविवार, रात्र

लग्न झालं. विहारात गर्दी मावली नाही. मी कौसल्येजवळ हात जोडून बसलो. सगळ्यांनी पंचशील म्हटलं, मीही खणखणीत म्हटलं. चार शीलं. पाचवं आलं, नशा न करण्याचं. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. मी चूप बसलो. कौसल्येनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या वाटचं म्हणावं तसं, जरा मोठ्यानं म्हटलं.

सजवलेली जीप दारात. उकंडानं चावी माझ्या हातून घेतली, हळूच. मैत्रेयी म्हणाली, आबाजी, समोर बसा. बसलो. चढ आला की डावा हात गिअरकडे जायचा. डाव्या बाजूला नुसता दरवाजा. उमरखेड आलं. उतरताना तिनं माझे हात धरले. म्हणाली, वास नाही आज. खरंच नव्हता. सकाळपासून वेळच मिळाला नव्हता.

घरी आलो. जीप लावली गेली, उकंडा चावी देऊन पायी निघून गेला. मी टूलबॉक्स उघडला. माझी बाटली नव्हती. तिच्या जागी सोड्याची होती, उकंडाच्या नेहमीच्या दुकानातली.

यालाच मी साक्षीला बोलावणार होतो.

झाकण काढलं. घोटभर घेतला. गॅस निघून गेलेला होता.