पंचवीस शब्द

४ फेब्रुवारी, मंगळवार

नापास! इथल्या भाषेच्या परीक्षेत, दोन गुणांनी.

लेखी छान. वाचन छान. तोंडीला माती खाल्ली. परीक्षक गोड हसून म्हणाले, "व्याकरण चांगलं आहे तुमचं. पण काही शब्द कळतच नाहीत."

दुसऱ्या कुणाचं चाललं असतं. मी शिकतेय लोकांचे कान तपासायला! काचेच्या खिडकीपलीकडे पेशंट बसणार, मी या लोकांच्या भाषेतले पंचवीस शब्द एकेक करून म्हणणार, त्याला जसे ऐकू येतील तसे तो परत म्हणणार. त्यावरून ठरणार कान किती गेलाय. आणि शब्द मीच वेडावाकडा म्हटला तर? जीभ माझी, शिक्षा त्याच्या कानाला.

फेरपरीक्षा १८ मार्चला. पास झाले तर एप्रिलपासून दवाखान्यात पेशंट बघायचे. नाहीतर वर्ष गेलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

विभागप्रमुखांनी बोलावलं. माझंच वेळापत्रक माझ्यापुढे ठेवलं. आठवड्याला वर्ग बावीस तास, भाषेचा क्लास सहा, कॉयर — म्हणजे समूहगान — सात. पेन्सिलीने कॉयरभोवती गोल काढला.

"यातलं काय सोडता येईल ते तुम्हालाच दिसत असेल."

दिसतंय. सोडणार नाही! वर्गात 'हो', 'नाही', 'आभारी आहे' एवढ्यावर माझा दिवस निघतो. पूर्ण वाक्य तोंडातून बाहेर पडतं ते फक्त कॉयरमध्ये — तेही वीस जणांच्या आधाराने. ते सोडलं तर मी मुकीच होईन. पण हे सगळं त्यांना सांगण्याइतकी भाषा येत असती तर नापास कशाला झाले असते? मान हलवली, वेळापत्रक घेतलं, बाहेर आले.

आईला फोन. तिनं आधी विचारलं, जेवलीस का. मग, "तिकडे शिकायला गेलीस की गायला?" दोन्हीला, म्हटलं. "बघ बाई, तुझं तुला."

म्हणजे परवानगी मिळाली.

९ फेब्रुवारी, रविवार

टपालबाईंना सांगितलं. कॉयरमध्ये त्या माझ्या शेजारी उभ्या राहतात. वय एकोणसत्तर. चाळीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली. अजून कुठल्या दारावर कुणाची पाटी आहे ते तोंडपाठ. पहिल्या दिवशी माझ्याकडे गाण्यांची वही नव्हती, तर आपली अर्धी माझ्यापुढे सरकवली. तेव्हापासून आम्ही एकाच वहीतून गातो. मी ओळ चुकले की कोपर! रविवारी बरगडी ठणकते.

"दोन गुण?" म्हणाल्या. "हॅ! सरावाच्या आधी अर्धा तास येत जा. जिन्यात बसू."

११ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्यात बसलो. मी शब्द म्हणायचा, त्यांनी तपासायचा. माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात, शाळेत पाढे म्हणताना बाई बघायच्या तशा. "बरोबर. पुढचा." "बरोबर." एकदाही अडवलं नाही! इतकी वाईट नाहीये मी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चाळीस शब्द. चाळीसच्या चाळीस बरोबर!!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भाषेच्या क्लासच्या बाईंनी आज सगळ्यांसमोर हवाच काढली. यांच्या भाषेत 'स'सारखे तीन आवाज आहेत. मी तिन्ही एकाच मापाने काढते म्हणे. "हे असं बरोबर आहे, असं तुला सांगितलं तरी कुणी?"

रागच आला. टपालबाईंचा जन्म गेला या भाषेत. ही कालची पोरगी त्यांच्यावर शंका घेणार?

पण मग तोंडी परीक्षेत नापास का झाले?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल श्रवणशास्त्राचा पेपर झाला, बरा गेला. डोळ्यांत झोप घेऊन सरावाला गेले.

काडीवाले — हातात बारीक काडी धरून आमचा कॉयर चालवतात ते — पियानोमागे वाकून काहीतरी शोधत होते. तिथूनच ओरडले, "पान बारा!" सगळ्यांनी पानं उलटली. आमची वही टपालबाईंच्या हातात, ती दहाव्याच पानावर. पलीकडच्या वहीत बघितलं, मग सावकाश उलटलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

थकल्या असतील.

२ मार्च, रविवार

मुद्दाम केलं. लाज वाटतेय, पण केलं.

जिन्यात शब्द म्हणताना वही तोंडासमोर धरली.

"हं?"

पुन्हा म्हटला. मोठ्याने.

"अगं, वही खाली घे. शब्द दिसत नाहीये."

दिसत नाहीये! म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. वर पियानो सुरू झाला, तेवढ्यावर सुटलो.

पहिल्याच सत्रात शिकलेय — वय झालं की आधी बारीक आवाज जातात. स, श, फ. सूर राहतात. म्हणून गाणं असं खणखणीत! आणि तीन आठवडे त्या माझे ओठ वाचत होत्या. ओठ बरोबर होते माझे. आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता.

खरं सांगायचं तर आधी राग आला. माझे तीन आठवडे गेले! सोळा दिवस राहिलेत. त्यांची काळजी मागाहून वाटली. बरीच मागाहून. हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

४ मार्च, मंगळवार

सांगितलं. आदल्या दिवसापासून वाक्य जुळवत होते, तरी ऐनवेळी सगळं सांडलं. "बाई, एकदा कान तपासून घ्या. आमच्या दवाखान्यात होतं."

"तुला तुझ्या परीक्षेत मार्क पडत नाहीत, आणि तू माझी परीक्षा घेतेस?"

"तसं नाही—"

"काडीवाल्यांना कळलं तर मला पुढच्या रांगेतून काढतील, मग कॉयरमधूनही. माहितीये तुला? सायकल गेली, पत्रं गेली. हे एवढंच राहिलंय."

वही मिटली आणि उठून गेल्या. जिन्याच्या वळणावर कठडा दोन्ही हातांनी धरला.

मी बोलायला नको होतं? पण मग कान तपासायला शिकतेय कशाला!

६ मार्च, गुरुवार

सरावाला आल्या नाहीत. दुसऱ्या कुणाची वही मागावीशी वाटली नाही. पाठ होतं तेवढं गायले.

९ मार्च, रविवार

आजही नाहीत.

रडत बसायला वेळ नाही. नवा बेत: सकाळी क्लासच्या बाईंकडे दहा मिनिटं. मीच जाऊन विनवलं. त्यांच्याबद्दल जे बोलले ते गिळलं. मग वर्ग. दुपारी आपलाच आवाज फोनवर भरायचा आणि ऐकायचा. शी! कसला आवाज! संध्याकाळी भांडी घासताना तीन 'स' — जीभ दातामागे, जीभ जरा मागे, जीभ आणखी मागे. शेजारच्या खोलीतल्या मुलीने दार वाजवून विचारलं, नळ गळतोय का?

१२ मार्च, बुधवार

क्लासच्या बाई: "दुसरा जमला. तिसरा कच्चा."

१६ मार्च, रविवार

कार्यक्रम झाला. सभागृह भरलेलं.

टपालबाई आल्या! आपल्या जागी, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून वही काढून माझ्या हातात ठेवली. दुसरी, कोरी करकरीत, स्वतः उघडली. चेहरा सरळ पुढे.

गायल्या मात्र अशा, की मला नुसतं त्यांच्या सुरावर हात ठेवून चालायचं होतं. दोन ठिकाणी मी चुकले. कोपर आलं नाही.

टाळ्या संपायच्या आत कोट घालून निघून गेल्या.

१८ मार्च, मंगळवार

परीक्षा दिली. तेच परीक्षक. या खेपेला त्यांनी एकदाही "पुन्हा म्हणा" म्हटलं नाही. हे चांगलं की वाईट, कळायला मार्ग नाही. घरी येऊन बुटांसकट झोपले.

२५ मार्च, मंगळवार

पास!!! काठावर नाही, चांगले नऊ गुण वर!

आई फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "आता गा काय ते." विभागप्रमुखांनी हात मिळवला. वेळापत्रकावर गोल तसाच आहे, तो आता खोडणार आहे.

सरावाला पेढ्यांच्या जागी बिस्किटं वाटली. टपालबाईंच्या वाटणीची दोन परत आणली. येणं बंदच केलंय त्यांनी.

३ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यातला तिसरा दिवस. सकाळच्या चौथ्या पेशंट टपालबाई. कुणी पाठवलं नव्हतं, आपण होऊन नंबर लावला होता. काचेपलीकडे बसल्या, पर्स मांडीवर.

"तूच वाच. आणि तोंडासमोर कागद धर. नाहीतर मी सगळे बरोबर सांगेन."

पंचवीस शब्द वाचले. स्वच्छ, एकेक. त्यांना आठ आले.

उजवा कान जरा बरा आहे. रविवारपासून सरावाला मी त्यांच्या उजवीकडे उभी राहणार.