डाव्या हाताची सुरी

५ मार्च १९७९
आजपासून मी नोकरदार. द्वारका चौकाजवळच्या बंगल्यात दामूअण्णांनी जुनी हत्यारं जमवली आहेत. कोणतं कशासाठी हे झिजेवरून ओळखायचं आणि शेजारी चिठ्ठी लावायची. घरातली पहिली बी.ए. म्हणून दादांनी कॉलनीभर पेढे वाटले. आज दोन ओळखली: तांबटाची ठोके द्यायची हातोडी आणि द्राक्षाचे घड विरळ करायची कात्री. ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, त्यांच्या कष्टाचा हा इतिहासच आहे. मी तो नीट लिहीन.

७ मार्च
आज एक आखूड सुरी हाती आली. पातं चंद्रकोरीसारखं, धार बाहेरच्या अंगाला. हाडाच्या मुठीत अंगठ्याचा खळगा, तोही डावखुऱ्याचा. मी डावखुरीच, गुरुजींनी छड्या मारून फक्त लिहिणं उजव्यावर आणलं. अंगठा खळग्यात चपखल बसला आणि मनगट आपोआप वळलं, काहीतरी सोलल्यासारखं.
अण्णा मागेच उभे होते. म्हणाले, वाटलंच होतं. तुमच्या लोकांच्या हातांना शिकवावं लागत नाही, अंगातच असतं. म्हणून तर तुला घेतली, नाहीतर बी.ए. मुली काय कमी आल्या होत्या?
त्यांनी माझी पदवी वाचलीच नव्हती. आडनाव वाचलं होतं.
चिठ्ठीवर लिहिलं: उपयोग माहीत नाही. दाबून लिहिताना टाक मोडला.

९ मार्च
घोटीहून नवसाआत्या आली. सुरीचं सांगितलं तशी मेथी निवडायची थांबली. तुझा आजा गोटीराम मेलेली ढोरं सोलायचा, म्हणाली. डावखुरा. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि सुरी दारणेच्या डोहात टाकली. या घराचा हात पुन्हा कातड्याला लागणार नाय, अशी शपथ घातली. पोरांना सांगायचीसुद्धा बंदी.
ही तीच असेल का, विचारलं. आत्या हसली. येडे, पाण्यात टाकलेलं लोखंड कधी वर येतं का? दुसऱ्या कुणाची आसंल.

१२ मार्च
काल रविवार. अण्णांचे मित्र चहा-चिवडा खात हत्यारं ओळखायचा खेळ खेळतात. काल खेळ माझाच झाला. अण्णा म्हणाले, ती सुरी हिच्या हातात द्या, हात कसा फिरतो बघा. मी तडक निघून आले.
घरी पिशवीत सुरी. ओली. शेवाळाचा वास.
आज अण्णांना विचारलं, कुठून विकत घेतली? घेतली नाही, म्हणाले. तुझा अर्ज आला त्या सकाळी पायरीवर पडली होती. आणि हसले.

१६ मार्च
गोदेत फेकली. घरी आले तर डाव्या मुठीत. मूठ उघडत नाही. आईनं घास भरवला. तिच्या डोळ्यांत आज्याची शपथ होती. मी मोडणार नाही. चीड येते — त्या माणसाची, या हाताची —

१८ मार्च
पदराखाली मूठ झाकून राजीनामा द्यायला आले. अंगणात मेलेलं वासरू. खुर्च्या मांडल्यात. अण्णा म्हणाले, बरी आलीस, करून दाखव.
खोलीत शिरून आतून कडी लावली. उजव्यानं लिहितेय, म्हणजे हा हात तरी माझा आहे. आजा, मी नाही करणार. नाही —
डाव्यानं कडी काढली.
अण्णा आत आलेत. दात काढून सांगतायत, भिऊ नकोस, अंगातच असतं ते —
हात अंगणाकडे वळत नाही. त्यांच्याकडे — हाताला कातडं तेवढं कळतं, कुणाचं ते —
अण्णा, मागे व्हा, मी —