नवरदेवासारखा निराधार

प्रिय श्रावण,

पत्राच्या आरंभी खुशाली विचारावी, असं मला लहानपणी शिकवलं. तुझ्या बाबतीत ती सोय उरली नाही. तू गेल्याला वर्ष होत आलं, तरी लिहितो. कारण काल कोतवाल तुझ्या नावाचं बोलावणं घेऊन आला. निराधार योजनेच्या फेरतपासणीला तू जातीनं हजर राहायचं आहेस.

"अरे, तो वारला," मी म्हटलं.

"मले मालूम हाये गुरुजी. मीच तं खांदा देला होता. पण कागद घेतल्याची सही कोण करते?"

हसू आलं नाही रे. किळस आली.

दर जेठात गावातली घरं फेरायला, म्हणजे छपरावरची कौलं नव्यानं बसवायला, तूच चढायचास. कवेलू असे बसवायचास की पावसाला आत शिरायची वाट सापडू नये. पाटलाच्या छपराचा वासा कुजका निघाला आणि तू अंगणात पाठीवर आदळलास. पाय अंगाला होते, पण तुझे राहिले नाहीत. भेटायला आलो तर विचारतोस, "काय गा पंडित, तुह्या संस्कृतात मोडक्या कमरेवर मंतर नाही काय?" असता तर आधी मी माझी सर्दी बरी केली असती.

मोठ्या डॉक्टरांचा दाखला मिळाला, अर्ज मी लिहिला. मग साहेबांनी स्वतः पाहायचं म्हणून तुला तालुक्याला बोलावलं. आपल्याकडे साहेबापुढं मळक्या कपड्यानं जात नाहीत, मालगुजाराच्या काळापासूनची रीत. रुक्मावहिनींनी तुला ऊन पाण्यानं पुसून काढलं, न्हाव्याला घरी बोलावलं, पेटीतलं लग्नाचं धोतर नेसवलं. कपाळाला टिळासुद्धा. बैलबंडीत भाताचं तणीस पसरून त्यावर खाट ठेवून तुला निजवलं, आणि कचेरीत चौघांनी खाटेसकट आत नेलं.

आठवतो तो समितीवरचा पुढारी? तोंडातलं पान सांभाळत म्हणाला, "हा तं नवरदेव दिसून राहिला. याले कायचा आधार पाहिजे?" साहेब हसले. कारकून तर साहेबांच्याही आधी हसला.

तू पडल्या पडल्या म्हणालास, "साहेब, चौघं उचलून आणते, तो नवरदेव नसते जी."

अर्ज नामंजूर. दाखला कोणी उघडूनही पाहिला नाही. धोतर मात्र सगळ्यांनी पाहिलं.

बाहेर एक दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, पुढच्या टायमाले दाढी वाढवून आणा. फाटकं नेसवा. निजून निजून पाठीले झालेली जखम जराशी उघडी ठेवा, साहेबाले वास आला पाहिजे." इतकं शास्त्रशुद्ध मार्गदर्शन मला पाठशाळेतही मिळालं नव्हतं.

मी ते तुला सांगितलं. तू म्हणालास, "मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ केला, तवा सोंग घेतलं गा. लोकं खुशीनं पाहत. हे तं खरंच मोडलं हाये. खऱ्याले रंग कायले लावू?"

हट्टी होतास. चार दिवस दाढी वाढवली असतीस तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात कितीदा आलं! औषधाला पैसे झाले असते. पण तुला तसा नेऊन खाटेवर मांडायचं म्हटलं की मलाच ते करवत नसे. फेरअर्ज केला तो तसाच, तुझ्या सांगण्यावरून. त्याचं उत्तर काल आलं.

जखमा चिघळल्या, ताप चढला, तू गेलास. वहिनी अजून म्हणतात, "मीच धुऊन-पुसून पाठवलं, म्हणून झालं." कोणाच्या निर्लज्जपणाचं ओझं कोण वाहतंय, बघ. त्यांची समजूत घालायला माझ्याजवळ एवढे श्लोक आहेत, एकही कामाला येत नाही.

आता त्याच योजनेत वहिनींचा अर्ज करायचा आहे, विधवा म्हणून. तोच दलाल त्यांच्या दारात येऊन गेला. आज सकाळी त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, कोणतं लुगडं नेसू जी? चांगलं एकच हाये."

मी म्हटलं, "तेच."

श्रावण, तपासणीच्या दिवशी मी वहिनींच्या शेजारी उभा राहीन. साहेब लुगड्याकडे बघू लागले, तर त्यांना आधी कागद वाचायला लावीन, आणि वाचून होईपर्यंत तिथून हलणार नाही. पैसे मिळतीलच, असं वचन देत नाही. वहिनी फाटकं नेसून त्या दारात जाणार नाहीत, हे देतो.

तुझा,
पंडित