वळून बघायचं नाही

७ जुलै, सोमवार

आज परत होस्टेलच्या दोघी मुली पोट धरून झोपल्या. एक टांझानियाची, एक आपली जवळच्या कपराड्याची. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, मेसच्या स्वयंपाकीण रमीलाबेनला मऊ खिचडी टाकायला सांगितली. मेसचा पाण्याचा फिल्टर बदला, बदला म्हणून ऑफिसमध्ये सांगून माझी जीभ झिजली. उत्तर ठरलेलं: ‘मेस कमिटीची सही आहे, सब ठीक है.’ कमिटी म्हणजे ऑफिसनेच नेमलेल्या तीन मुली. त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत, त्यांच्या खोलीत बिसलेरीचे जार.

गुडघा ठणकतोय. तेल लावायचाही कंटाळा.

९ जुलै

थोको आली खोलीवर. मलावीची, नर्सिंगचं तिसरं वर्ष. मला मायी म्हणते, त्यांच्याकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. आपल्या माईसारखंच, म्हणून मीही कधी ‘मॅडम म्हण’ असं सांगितलं नाही. बसायच्या आधीच म्हणाली, “मायी, यंदा कमिटी आम्ही निवडून देणार. मी उभी राहणार.”

म्हटलं, बाई गं, नर्स हो आणि सुखाने घरी जा. डोक्याला ताप कशाला?

“घरी जाऊनही निवडणूकच लढवायची आहे. आमच्या वॉर्डची. इथे एक फिल्टर बदलून घेता आला नाही, तर तिथे पाणी कुठून आणणार?”

चोवीस वर्षांची पोर. हसू आलं, आणि थोडा रागही. इतकी ताकद आणतात कुठून?

१२ जुलै

अमोलचा फोन. “ये ना आई नाशिकला, किती दिवस होस्टेल सांभाळणार?” बोलतो छान, पण कधी येतेस ते विचारत नाही. दोन खोल्या, त्यात सुनेची आईपण. मी हो म्हटलं तर बिचाऱ्याची पंचाईत होईल. हे गेल्यावर नरोलीची भाड्याची खोली सोडून इथे आले, तेव्हापासून घर म्हणजे हीच रेक्टरची खोली. खिडकीतून सुताच्या कारखान्याची भिंत दिसते. यांनी जन्म काढला तिथे. असो.

१५ जुलै

प्राचार्यांनी बोलावलं. १ ऑगस्टला कार्यक्रम: ‘तरुण आफ्रिका: उद्याचे नेते’. लोकशाही आणि विकास. पाहुणे येणार, बॅनर छापायला गेला. थोकोने भाषण करायचं.

मी निवडणुकीचं काढलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “बेन, स्पीच देने दो ना उसको लोकशाही पे. इलेक्शन का क्या काम है? आप समझाओ.” मग मी निघताना हसत, “तुमच्या नोकरीचं रिन्यूअल पण याच महिन्यात ना?”

हसतच म्हणाले. पण म्हणाले.

१६ जुलै

थोकोला समजवायला गेले आणि तिचंच ऐकून आले. तिच्या गावात कमिटी निवडतात ती रांगेने. उमेदवार पाठ करून उभे राहतात, लोक आपापल्या उमेदवाराच्या मागे रांग लावतात. उमेदवाराने वळून बघायचं नाही, म्हणजे मन खराब नको. पण बाकीचं गाव बघतंच की! एकदा तिची आई एका बाईच्या मागे एकटीच उभी राहिली. पुढे हातपंपावर तिचा नंबर कायम शेवटी. अख्खा उन्हाळा.

“म्हणून मला चिठ्ठी हवी मायी. घडी घातलेली, डब्यात टाकलेली.”

पटलं मला. काय न पटण्यासारखं आहे त्यात?

१८ जुलै

माझ्या जिभेला हाड नाही. चिठ्ठी का हवी ते कळावं म्हणून प्राचार्यांना सगळी रांगेची गोष्ट सांगितली. मला वाटलं विरघळतील. ते खुर्चीतून उठलेच. “अरे वा! आफ्रिकन परंपरा! मग स्टेजसमोरच घ्या निवडणूक. रांगा लावा. पाहुण्यांना प्रात्यक्षिक, फोटो पण मस्त येतील.” आपल्याकडून शीतलला उभं करायचं म्हणे. शीतल क्लार्कची भाची, पोरगी गरीब आहे बिचारी, तिला विचारलंसुद्धा नाही.

मग मला, “थँक यू बेन, आयडिया आपकी.”

रडू यायचं राहिलं. मुलींचे इंटर्नल मार्क, परदेशी मुलींचे व्हिसाचे कागद, सगळं त्यांच्या सहीवर. कोण उभी राहणार थोकोच्या मागे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत?

१९ जुलै

थोकोला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ताट घासत राहिली. ते जागेवर ठेवून म्हणाली, “ठीक आहे. उभी राहते.” मग, “मी मतदार यादी केलीय, त्यात तुमचं नाव घातलंय.”

मला कशाला गं? मी रेक्टर!

“तुम्ही मेसमध्येच जेवता. जो जेवतो तो मत देतो.”

रमीलाबेन भाकरी थापता थापता हसली. “हवे शुं करशो बेन?” आता काय कराल म्हणे. मला काय माहीत.

२८ जुलै

रिन्यूअलचा कागद नाही. ऑफिसमध्ये विचारलं, “फंक्शन के बाद देखेंगे.” फिल्टर तोच. आज तिसरी आजारी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पाय सुजलेत, पण लिहिते.

भाषणं, शाली, नारळ. थोकोचं भाषण झालं, टाळ्या. मग पटांगणात दोघी पाठ करून उभ्या. माइकवरून सांगितलं, या. कुणी हलेना. मग हळूहळू शीतलच्या मागे रांग लागली, माना खाली घालून. थोकोच्या मैत्रिणी झाडाखाली एकमेकींचे हात धरून. प्राचार्य समोरच खुर्चीत, एकेकीकडे बघत.

थोकोच्या मागे मोकळी जमीन. ती सरळ समोर बघत होती. मानेची शीर तेवढी उडत होती.

मी फार विचार केला असं नाही. खरं सांगायचं तर राग आला. पोर आजारी पडली की मी निस्तरायचं आणि रांगेतही मी नको? गेले. चिखलात चप्पल रुतली, ती तिथेच राहिली.

“कोण?” न वळता तिने विचारलं.

“मी गं.”

मीही समोरच बघत राहिले. माझ्या मागे पावलं वाजली, दोन का चार का जास्त, देव जाणे. नियम उमेदवाराचा होता, पण वळायची माझीच छाती झाली नाही. तेवढ्यात माइकवरून जाहीर झालं, पाहुण्यांना जेवायला उशीर होतोय, निकाल नंतर सांगू. रांगा मोडल्या. कुणी मोजलंच नाही.

प्राचार्य माझ्याकडे न बघता पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले.

२ ऑगस्ट

इथल्या मुक्तिदिनाची सुट्टी, पोर्तुगीज गेले तो दिवस. खोली आवरली. सामान बांधायची वेळ आली तर किती होईल ते बघितलं. एका ट्रंकेत मावेल.

संध्याकाळी थोको माझी चप्पल धुऊन घेऊन आली. “तुमच्या मागे कोण होतं?” तिचा पहिला प्रश्न.

नाही बघितलं गं.

“मग मोजायलाच हवं. सोमवारी परत मागते. या वेळी चिठ्ठ्यांनी. तुम्ही येता?”

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर ठेवणीतली जांभळी साडी काढून इस्त्रीला टाकली. सोमवारी सकाळी मिळेल, इस्त्रीवाला म्हणाला.